आपला क्लब, आपली हिशेबवही

‘बडा घर पोकळ वासा’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती एखाद्या फुटबॉल क्लबाला लागू पडेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात एक्सिटर नावाचे जे जुने कॅथीड्रलचे शहर आहे, तेथील रहिवाशांना या म्हणीचा अर्थ एका वर्षाच्या आत पुरता उमगला.

१४ जून २००२ चा दिवस. आगगाडीच्या एका चिमुकल्या थांब्यालगत असलेल्या सेंट जेम्स पार्क या मैदानावर मायकेल जॅक्सन हा जगद्विख्यात अमेरिकन गायक अवतरला. मनोबलाने चमचे वाकविल्याचा दावा करणारा युरी गेलर त्या सुमारास क्लबाच्या कारभारात होता. त्याच्या ओळखीने हा पाहुणा आला होता. गायकाला क्लबाचा मानद संचालक करण्यात आले. छायाचित्रे निघाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि एरवी ज्या क्लबाचे नाव परगण्याबाहेर फारसे कोणी घेत नसे, तो एका दिवसात जगाला ठाऊक झाला.

त्यानंतर अकरा महिनेही लोटले नव्हते. मे २००३ मध्ये हंगामाचा शेवटचा सामना एक्सिटर सिटीने एक विरुद्ध शून्य गोलाने जिंकला. परंतु त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर स्वानसीचा संघही जिंकला आणि गुणांच्या तक्त्यात एक्सिटरच्या पुढेच राहिला. १९२० सालापासून इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा हा क्लब तिच्या शेवटच्या पायरीवरून खाली घसरला. त्याच महिन्यात क्लबाच्या कारभाऱ्यांना पोलिसांनी चौकशीसाठी अटक केली. पुढे त्यांच्यावर खटला चालला आणि २००७ साली शिक्षाही झाल्या. कर्ज लक्षावधी पौंडांचे, तिजोरी रिकामी, पगार थकलेले आणि धनको दारात, अशी क्लबाची अवस्था झाली.

गायक केव्हाच निघून गेला होता. मागे उरले होते ते दर शनिवारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा गळपट्टा गुंडाळून मैदानावर येणारे साधे प्रेक्षक. त्यांनी काय केले, हेच आज सांगावयाचे आहे.

एका वस्तीचा संघ

एक्सिटर सिटी हा काही मोठ्या धनिकाने हौसेखातर काढलेला क्लब नव्हे. शहराच्या तटाबाहेर सेंट सिडवेल या संतिणीच्या नावाने ओळखला जाणारा एक भाग आहे. सिडवेल ही त्याच भूमीतील कुमारिका. तिच्या मिळकतीच्या लोभाने सावत्र आईने तिला शेतातील कापणी करणाऱ्यांकरवी मारविले आणि ती पडली तेथे पाण्याचा झरा फुटला, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाच्या या वस्तीतील सेंट सिडवेल्स युनायटेड आणि एक्सिटर युनायटेड अशा दोन संघांतून १९०४ साली एक्सिटर सिटी क्लब उदयास आला.

नावलौकिक मिळविण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला क्वचितच आले, तथापि एक प्रसंग असा आहे की जो कोणताही मोठा क्लब हेव्याने ऐकेल. १९१४ च्या उन्हाळ्यात हा संघ बोटीने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. २१ जुलै रोजी रिओ द जानेरो येथे त्याची गाठ ब्राझीलच्या निवडक खेळाडूंशी पडली. ब्राझीलने तो सामना दोन विरुद्ध शून्य असा जिंकला. पुढे पाच वेळा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला सामना मानला जातो. जगातील सर्वांत यशस्वी संघाने आपली पहिली पावले टाकली ती एक्सिटरच्या या साध्यासुध्या खेळाडूंसमोर, ही गोष्ट त्या शहरात आजा नातवाला सांगत आला आहे.

असा क्लब बुडणे म्हणजे एखादे दुकान बंद पडणे नव्हे. दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. परंतु ज्या मैदानावर बापाने आपल्याला खांद्यावर बसवून पहिला सामना दाखविला, त्याच्या जागी दुसऱ्या गावाचे मैदान मन स्वीकारीत नाही. फुटबॉल क्लबाच्या पाठीराख्याचे बळ ते हेच, आणि त्याची दुबळी बाजूही हीच. तो आपल्याला सोडून कोठे जाणार नाही हे मालकाला ठाऊक असते. म्हणून त्याला काही विचारावे, हिशेब दाखवावा, अशी गरज मालकाला वाटत नाही.

बादलीतील पैसा कोठे जातो?

पाठीराख्यांनी एकत्र येऊन अडचणीतील क्लबाला मदत करणे ही गोष्ट नवी नाही. मैदानाच्या दाराशी बादल्या घेऊन उभे राहावे, येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांत नाणी टाकावीत, सोडती काढाव्यात, केक विकावेत, आणि जमलेली रक्कम क्लबाच्या अध्यक्षाच्या हाती द्यावी, ही इंग्लंडमधील जुनी रीत. अध्यक्ष आभार मानतो, रक्कम खर्ची पडते, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा बादल्या बाहेर निघतात.

या रीतीला पहिला छेद १९९२ साली नॉर्थॅम्प्टन या शहरात गेला. तेथील नॉर्थॅम्प्टन टाउन हा क्लब कर्जात आकंठ बुडाला होता. जानेवारीत पाठीराख्यांची मोठी सभा भरली. ब्रायन लोमॅक्स व त्यांचे सहकारी यांनी तेथे जो विचार मांडला तो वरवर साधा, परंतु मुळाशी हात घालणारा होता. पैसे जरूर जमवू. मात्र ते आंधळेपणाने कोणाच्या ओंजळीत ओतणार नाही. पैशाच्या बदल्यात क्लबाच्या कारभारात पाठीराख्यांना जागा मिळाली पाहिजे. त्यासाठी त्यांनी आपला ट्रस्ट स्थापन केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली कारभार गेला तेव्हा ट्रस्टच्या प्रतिनिधींना संचालक मंडळात स्थान मिळाले, आणि लोमॅक्स हे पाठीराख्यांनी निवडून दिलेले संचालक झाले. ब्रिटनमध्ये असे पूर्वी घडले नव्हते. पुढे २००० साली, सरकारच्या पाठिंब्याने, असे ट्रस्ट काढू इच्छिणाऱ्यांना सल्ला देणारी ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ ही संस्था निघाली आणि तिच्या उभारणीत लोमॅक्स अग्रभागी होते. २०१५ साली ते निवर्तले, तोवर त्यांच्या कल्पनेचे रोप अनेक गावांत रुजले होते.

येथे ‘ट्रस्ट’ या शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की कोणी दानशूर गृहस्थ, त्याने ठेवलेली मिळकत आणि ती सांभाळणारे चार विश्वस्त असे चित्र डोळ्यांसमोर येते. पाठीराख्यांचा ट्रस्ट तसा नसतो. कायद्याच्या दृष्टीने ती एक प्रकारची सहकारी संस्था असते. १८४४ साली रॉचडेल येथील विणकरांनी व इतर कारागिरांनी पै-पैसा जमवून पीठ, साखर, लोणी असे जिन्नस विकणारे आपले स्वतःचे दुकान उघडले. त्या दुकानाच्या नियमांपासून सहकाराची जी परंपरा चालत आली, तिच्यातीलच हे एक अपत्य आहे. थोडी वर्गणी भरून कोणीही सभासद व्हावे, वार्षिक सभेत प्रत्येकाने एकच मत द्यावे, मग तो कारखानदार असो की हमाल, कार्यकारी मंडळ निवडणुकीने नेमावे, आणि नफा कोणाच्या खिशात न जाता संस्थेच्या कामी यावा, हे तिचे नियम.

गावची पतपेढी किंवा सेवा सोसायटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सर्व परिचयाचे वाटेल, आणि त्यात नवल नाही. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो १९०४ साली, म्हणजे एक्सिटर सिटी क्लब ज्या वर्षी उभा राहिला त्याच वर्षी. आपली सोसायटी आणि त्यांचा ट्रस्ट हे एकाच घराण्यातील चुलतभाऊ होत.

किल्ल्या हाती आल्या

एक्सिटरच्या पाठीराख्यांनी आपला ट्रस्ट २००० सालीच काढून ठेवला होता. संकट येण्यापूर्वी तीन वर्षे! ही तीन वर्षेच निर्णायक ठरली. मे २००३ मध्ये छप्पर कोसळले तेव्हा सभासदांची यादी तयार होती, बँकेत खाते होते, नियम लिहिलेले होते आणि एकमेकांना ओळखणारी माणसे होती. घराला आग लागल्यावर विहीर खणावयास निघण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

त्या उन्हाळ्यात ट्रस्टने क्लबाचा दैनंदिन कारभार हाती घेतला आणि सप्टेंबरात बहुसंख्य भाग खरेदी करून तो मालक झाला. ऐकावयास हे भव्य वाटते. प्रत्यक्षात हाती आली ती न भरलेल्या बिलांची चवड. ज्यांना गणिताची जाण होती ते वह्या उघडून बसले. ज्यांना कायदा कळत होता त्यांनी धनकोंशी बोलणी आरंभिली. उरलेल्यांनी बाह्या सरसावून झाडू, खराटे आणि रंगाचे डबे हाती घेतले. सुटीच्या दिवशी माणसे मैदानावर येत, गवत काढीत, बाके दुरुस्त करीत, भिंती रंगवीत. कार्यालयात बिनपगारी काम करणारे स्वयंसेवक बसले.

सर्वांत अवघड काम होते ते धनकोंना तोंड दाखविण्याचे. हे कर्ज या मंडळींनी केले नव्हते. ‘मागच्यांचे पाप आम्ही का फेडावे?’ असे म्हणून अंग झटकणे सोपे होते. परंतु क्लब आपला म्हटला की त्याचे देणेही आपलेच होते, हे त्यांनी मान्य केले. धनकोंशी कायदेशीर समझोता होऊन देण्याचा ठरलेला हिस्सा मुदतीने फेडण्याचे ठरले. पूर्ण रक्कम कोणाला मिळाली नाही, हे खरे. आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांत गावातील लहान व्यापारीही असणार, ही बोचणी विसरता येत नाही. तथापि क्लब बंद पडता तर त्यांच्या हाती बहुधा काहीच पडले नसते.

ओल्ड ट्रॅफर्डची वाट

पाचव्या पायरीवर घसरलेल्या क्लबाचे उत्पन्न तुटपुंजे असते. दूरचित्रवाणीचे मोठे मोल त्याला मिळत नाही. तिकिटे, वर्गणी आणि सोडती यांवर गाडा ओढावा लागतो. परंतु इंग्लंडमधील एफ. ए. चषक या जुन्या स्पर्धेत एक मौज आहे. तिच्यात लहान-मोठे सर्व क्लब भाग घेतात आणि कोणाची गाठ कोणाशी पडेल ते चिठ्ठ्या टाकून ठरते. २००४ च्या अखेरीस एक्सिटरच्या संघाने पहिल्या दोन फेऱ्या ओलांडल्या, आणि तिसऱ्या फेरीच्या चिठ्ठीत नाव निघाले ते मँचेस्टर युनायटेडचे. तेही त्यांच्याच मैदानावर.

८ जानेवारी २००५ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर सदुसष्ट हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. त्यांत एक्सिटरहून आलेले हजारो होते. दोन वर्षांपूर्वी याच माणसांनी आपल्या मैदानाच्या भिंती स्वहस्ते रंगविल्या होत्या. नव्वद मिनिटे संपली तेव्हा फलकावर दोन्ही बाजूंस शून्य होते. देशातील एका बलाढ्य संघाला एका गरीब, पाठीराख्यांच्या मालकीच्या संघाने गोल करू दिला नव्हता. नियमानुसार सामना पुन्हा खेळावयाचा, आणि तो या वेळी सेंट जेम्स पार्कवर! १९ जानेवारीस मँचेस्टरचा संघ त्या छोट्या मैदानावर आला. क्रिस्टियानो रोनाल्डो व वेन रूनी यांनी एकेक गोल केला आणि एक्सिटर दोन गोलांनी हरले. परंतु दोन्ही सामन्यांच्या तिकिटांतील व प्रक्षेपणातील वाटा एवढा होता की धनकोंचे ठरलेले देणे फेडण्यास त्याने फार मोठा हातभार लावला.

यास कोणी दैव म्हणेल. दैव होतेच. परंतु दैव दारात आले तेव्हा घर उभे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. २००३ च्या उन्हाळ्यात त्या माणसांनी हात टेकले असते तर २००५ च्या जानेवारीत चिठ्ठीतून निघावयास एक्सिटरचे नावच उरले नसते. शिवाय हाती आलेला पैसा नव्या खेळाडूंच्या भपक्यावर न उधळता प्रथम देणे वारण्याकडे वळविला गेला, हाही दैवाचा भाग नव्हे.

मालक होणे म्हणजे काय

पुढची वाटचाल सावकाश झाली. २००७ साली वेम्बलीवरील निर्णायक सामन्यात संघ हरला. २००८ साली त्याच मैदानावर केंब्रिज युनायटेडला एका गोलाने हरवून तो लीगमध्ये परतला आणि २००९ साली आणखी एक पायरी चढला. २०१२ साली पुन्हा घसरला. २०१४ च्या उन्हाळ्यात पैशांची अशी ओढाताण झाली की पगार देण्यासाठी खेळाडूंच्या संघटनेकडून कर्ज घ्यावे लागले. पाठीराखे मालक झाले की सुबत्ता येते, असे समजणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये. श्रीमंत मालक असला तर तो खिशात हात घालून तूट भरून काढतो. ट्रस्टपाशी तसा खिसा नसतो. त्याला मिळकत पाहूनच खर्च करावा लागतो, आणि जो शेजारी अंथरूण न पाहता पाय पसरतो त्याच्याशी मैदानावर झुंजावे लागते.

मग असा क्लब जगतो कशावर? एक्सिटरने याचे जे उत्तर शोधले ते शेतकऱ्याला चटकन पटेल. बाजारातून महाग रोपे आणणे परवडत नसेल तर आपल्या वाफ्यात बियाणे रुजवावे. क्लबाने परगण्यातील मुलांना लहानपणापासून शिकविणाऱ्या आपल्या प्रशिक्षणशाळेवर भर दिला. तेथे तयार झालेला ऑली वॉटकिन्स हा तरुण २०१७ साली ब्रेंटफर्डकडे गेला. त्याला विकताना पुढील विक्रीत आपला वाटा राहील असे कलम क्लबाने करारात घालून ठेवले होते. म्हणून २०२० साली तो सुमारे दोन कोटी ऐंशी लाख पौंडांना ॲस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा एक्सिटरच्या तिजोरीतही भर पडली. १० जुलै २०२४ रोजी युरोपीय अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल करून ज्याने इंग्लंडला अंतिम फेरीत नेले, तो हाच वॉटकिन्स. मुलांच्या विक्रीच्या अशा पैशातून मैदान सुधारले आणि शिक्षणाची सोय वाढली. २०१८ साली जुन्या लाकडी गॅलरीच्या जागी नवी बैठक उभी राहिली. २०२२ च्या एप्रिलमध्ये संघ पुन्हा एक पायरी वर चढला.

आपल्या हातांनी वाढविलेला मुलगा विकावा लागतो, याचे दुःख पाठीराख्याला होतेच. पूर्वी तो या दुःखाचा राग मालकावर काढीत असे. आता मालक तोच. वार्षिक सभेत जमाखर्च त्याच्यासमोर वाचला जातो, आणि ‘हा खेळाडू का गेला?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला आकड्यांत मिळते. ओरडण्याचा हक्क शाबूत आहे. मात्र ओरडून झाल्यावर मतही द्यावे लागते.

नऊ क्रमांकाचा सदरा

हिशेबाच्या वहीत न मावणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. २००८ व २००९ च्या यशात ॲडम स्टॅन्सफील्ड या आघाडीच्या खेळाडूचा मोठा वाटा होता. नऊ क्रमांकाचा सदरा घालून तो खेळे. २०१० च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने त्याचा घास घेतला. तो अवघा ३१ वर्षांचा होता. मागे पत्नी व लहान मुले राहिली. क्लबाने ठरविले की पुढील नऊ हंगाम हा नऊ क्रमांकाचा सदरा कोणीही घालावयाचा नाही. मैदानावरील नव्या बैठकीला त्याचे नाव देण्यात आले आणि मुलांना खेळाची संधी मिळावी म्हणून त्याच्या नावाने एक धर्मादाय संस्थाही निघाली.

पित्याच्या मृत्यूच्या वेळी थोरला जे सात वर्षांचा होता. तो एक्सिटरच्याच प्रशिक्षणशाळेत वाढला, पुढे मोठ्या क्लबाकडे गेला, आणि २०२२ साली काही काळासाठी एक्सिटरकडे खेळावयास परत आला. त्याच्या अंगावर कोणता क्रमांक होता हे सांगावयास नकोच. बापाच्या नावाची बैठक समोर, बापाचा क्रमांक पाठीवर. त्या दिवशी सेंट जेम्स पार्कवर किती जणांनी डोळे पुसले असतील!

सर्वांत चढी बोली पाहून माणसे आणणाऱ्या व सोडणाऱ्या कारभारात असा नऊ वर्षांचा शब्द पाळणे सोपे नसते. क्लब ज्यांचा आहे त्यांच्या हाती असला म्हणजे स्मरणालाही घर मिळते.

सर्व रोगांवर एकच मात्रा?

तरीही पाठीराख्यांचा ट्रस्ट हा रामबाण उपाय आहे असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. पोर्ट्समथ या बंदराच्या शहरातील क्लबाने २००८ साली एफ. ए. चषक जिंकला आणि पाचच वर्षांत तो दिवाळखोरीच्या कड्यावर येऊन ठेपला. २०१३ च्या एप्रिलमध्ये पाठीराख्यांच्या ट्रस्टने, हजार-हजार पौंडांचे भाग विकत घेणाऱ्या सभासदांच्या बळावर, तो सोडविला आणि जुने देणे फेडले. परंतु मैदान जुने, दुरुस्तीचा खर्च अफाट. २०१७ साली अमेरिकन उद्योगपती मायकेल आयस्नर यांनी क्लब मागितला तेव्हा सभासदांनी मतदान केले, आणि फार मोठ्या बहुमताने विक्रीस होकार दिला. कोणी यास पराभव म्हणेल. मला तसे वाटत नाही. घर पडत असताना त्यांनी ते सावरले, आणि पुढे कोणाच्या हाती द्यावयाचे हे स्वतः ठरविले. विचारले गेले, हाच त्यांचा विजय.

याच्या उलट बेरी या गावाची कथा. तेथील क्लब १८८५ सालचा, दोनदा चषक जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरात तो अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाच्या हाती गेला. देणी भागेनात, पैशाची हमी मिळेना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कोणी खरीददार पुढे येईल या आशेवर, शेकडो पाठीराखे झाडू व फडकी घेऊन मैदानावर धावले आणि त्यांनी सामन्यासाठी बाके पुसून स्वच्छ केली. तो सामना झालाच नाही. २७ ऑगस्ट रोजी बेरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. पुढे पाठीराख्यांनी मैदान परत मिळविले, आपसांतील दोन गटांचे मतभेद मिटविले आणि २०२३ साली त्या नावाने पुन्हा खेळ सुरू केला; परंतु कितीतरी पायऱ्या खालून.

एक्सिटरमध्ये झाडू होते, बेरीतही झाडू होते. दोन्हीकडील माणसांचे प्रेम सारखेच. फरक एवढाच की एक्सिटरच्या पाठीराख्यांपाशी झाडूबरोबर सभासदांची यादी, लिहिलेले नियम आणि भाग विकत घेऊ शकणारी संस्था वेळेवर तयार होती.

आपल्या अंगणात

वाचकहो, फुटबॉलचे वेड म्हणजे काय हे गोव्यातील घरांना बाहेरच्या कोणी सांगावयास नको. भात कापून झालेल्या शेतात दोन काठ्या रोवून गोल करणारी मुले तेथे प्रत्येक वाड्यावर दिसतात. परंतु २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्यातील तीन नामांकित क्लबांनी राष्ट्रीय पातळीवरील आय-लीगमधून अंग काढून घेतले. देशातील स्पर्धांच्या नव्या रचनेविरुद्धचा तो निषेध होता आणि त्यामागील कारणेही होती. तथापि पिढ्यान्‌पिढ्या त्या रंगांसाठी घसा कोरडा करणाऱ्या प्रेक्षकाला त्या निर्णयात मत नव्हते. तो मालकांचा प्रश्न होता, आणि प्रेक्षक कितीही निष्ठावंत असला तरी मालक नव्हता.

मोठ्या क्लबांचे राहू द्या. वाड्यावरचे क्रीडामंडळ, फेस्ताच्या दिवसांतील स्पर्धा, गावचे वाद्यपथक, वाचनालय, यांचीही गोष्ट निराळी नाही. चांगले चालले असताना कोणी वही मागत नाही. मागितली तर अविश्वास दाखविल्यासारखे वाटते. एखादा उदार गृहस्थ खर्च करतो, बाकीचे टाळ्या वाजवितात. पुढे तो गृहस्थ थकतो, परगावी जातो किंवा रुसतो, आणि एके दिवशी मंडळाच्या खोलीला कुलूप दिसते. मग सर्वजण हळहळतात. त्या हळहळीत खोटेपणा नसतो. फक्त ती फार उशिरा आलेली असते.

एक्सिटरच्या माणसांनी कोणती जादू केली नाही. चमचे वाकविणारा आणि गाणारा, दोघेही येऊन गेले होते, आणि जादूने कर्ज फिटत नाही हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी केले ते एवढेच, की बरे दिवस असतानाच सभासद नोंदविले, वर्गणी ठरविली, वही उघडी ठेवली, आणि वेळ आली तेव्हा ‘आमचा क्लब’ या शब्दांची किंमत चुकती केली. ओल्ड ट्रॅफर्डवरचा तो गोलशून्य सामना लोकांच्या आठवणीत राहील. परंतु त्याच्या आधीच्या एका रविवारी, रिकाम्या मैदानाच्या भिंतीला रंग देणारा कोणी अनामिक माणूस मला त्या सामन्यापेक्षाही मोठा वाटतो. हातातील कुंचला बाजूला ठेवून तो घरी जेवावयास गेला असेल, आणि मुलाने ‘बाबा, आज कोण जिंकले?’ असे विचारले असेल, तर त्याने काय सांगितले असेल बरे?